मोठ्यांनी चित्रपुस्तकं का वाचायची? काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयातल्या बालविभागाच्या कपाटातून मी काही पुस्तकं उचलली आणि मोठ्यांच्या विभागात, कादंबऱ्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. पाटीबिटी काही लावली नाही. तेव्हापासून काउंटरवर जे प्रश्न येतात, त्यातले नेहमीचे इथे उतरवून काढले आहेत. उत्तरं माझी एकटीची आहेत. वाचनालयाच्या कार्यकारिणीला त्यासाठी धरू नये.

ही पुस्तकं चुकून इथे आली आहेत का?

नाही. आठवड्यातून एकदा तरी कुणी भला माणूस ती गोळा करून बालविभागात नेऊन ठेवतो, आणि मी ती पुन्हा आणते. पुस्तकांच्या दुकानात तर याहून पंचाईत. चाळिशीतल्या बाईने चित्रपुस्तक हातात घेतलं, की पहिला प्रश्न येतो, "मूल किती वर्षांचं आहे?" मी बरीच वर्षं "भाची आहे, सहा वर्षांची" असं ठोकून द्यायचे. भाची आता नोकरीला लागली. आता सरळ सांगते, मला हवंय.

चित्रपुस्तक म्हणजे नक्की काय? चित्रं असलेलं कुठलंही पुस्तक?

गोष्टीच्या पुस्तकातली चित्रं झाकली तरी गोष्ट कळते. चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट चित्राच्याच ताब्यात असते. घरी करून बघा: फोनवर कुणाला तरी नुसता मजकूर वाचून दाखवा. ऐकणाऱ्याला सगळं कळलं, तर ते सचित्र पुस्तक. तो "बरं, मग?" म्हणाला, तर ते बहुधा चित्रपुस्तक.

पानं साधारण बत्तीस असतात. यात गूढ काही नाही. छपाईचा मोठा कागद दुमडला की आठ किंवा सोळा पानांचा फर्मा होतो, आणि सोळाचे दोन फर्मे म्हणजे बत्तीस. पण या कागदाच्या हिशेबामुळे लेखकाला सगळं काही बारा-पंधरा वेळा पान उलटण्यात बसवावं लागतं. कुठल्या वाक्यावर पान उलटायला लावायचं, याचा विचार कादंबरीकाराला करावाच लागत नाही.

मजकूर तर दोन मिनिटांत संपतो. मग वाचायचं काय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मॉरिस सेंडाक या अमेरिकन चित्रकाराचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे १९६३ सालचं पुस्तक घ्या. गोष्ट एवढीशी: मॅक्स नावाचा पोरगा घरात धुडगूस घालतो, आई त्याला न जेवता झोपायला पाठवते, त्याच्या खोलीत जंगल उगवतं, तो होडीतून राक्षसांच्या बेटावर जातो, त्यांचा राजा होतो, कंटाळतो, घरी येतो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं, बरं आहे, पण एवढं कौतुक कशाला?

मग एका शनिवारी सात-आठ वर्षांची एक मुलगी माझ्या शेजारी बसून ते बघत होती. दुसऱ्याच चित्रावर थांबून म्हणाली, "हा राक्षस तर इथेच आहे." जिन्याजवळच्या भिंतीवर एक कागद टाचलेला आहे. त्यावर एका राक्षसाचं तोंड काढलेलं, आणि खाली मॅक्सची सही. म्हणजे ज्या बेटावर तो पुढे जाणार आहे, तिथला रहिवासी त्याने आधीच घरी काढून ठेवलेला आहे. मजकुरात याचा उल्लेख नाही. मी ते पुस्तक तोवर पाच-सहा वेळा वाचलं होतं, आणि माझे डोळे प्रत्येक वेळी आधी अक्षरांकडे गेले होते.

त्यानंतर मी ते पट्टी घेऊन बघितलं. (खरंच घेतली होती.) पहिलं चित्र छोटं आहे, भोवती भरपूर पांढरी जागा. मॅक्सचा राग वाढत जातो तसं चित्र पानागणिक मोठं होतं. खोलीत जंगल उगवतं तेव्हा ते अख्खं पान व्यापतं, मग शेजारच्या पानावर सरकतं, मजकुराला खाली ढकलतं, आणि राक्षसांचा धिंगाणा सुरू होतो तेव्हा सलग तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही. परतीच्या वाटेवर चित्र पुन्हा आक्रसतं. पण पहिल्याइतकं लहान होत नाही. मॅक्स स्वतःच्या खोलीत परत येतो तेव्हा ती खोली पूर्ण पानभर असते. शेवटच्या पानावर चित्रच नाही. त्याच्यासाठी ठेवलेलं जेवण अजून गरम होतं, एवढंच वाक्य.

आणि आई? तिचा आवाज आहे, तिचं ताट आहे, पण ती कुठल्याच चित्रात दिसत नाही. मुलावर ओरडून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन आपण काय करतो, हे ज्या बाईला माहीत आहे, तिला ते न काढलेलं चित्र दिसतं. आठ वर्षांच्या मुलीला भिंतीवरचा राक्षस दिसला. दोघींनी एकच पुस्तक वाचलं.

पण ही लिहिलेली असतात मुलांसाठीच ना? मोठी माणसं त्यात आपलं काहीतरी घुसडतात.

थोडंफार घुसडतात, कबूल. पण हा एकच साहित्यप्रकार असा आहे, की तो दोन माणसांनी मिळून वाचायचा हे बनवणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं. एक वाचून दाखवणार, दुसरं बघणार. त्यातलं एक हमखास मोठं. आणि त्या मोठ्याला तेच पुस्तक "पुन्हा!" म्हणून पन्नास वेळा वाचावं लागणार. चांगला चित्रकार त्या बिचाऱ्याची सोय बघतोच.

जॉन बर्निंगहॅमचं 'ग्रॅनपा' (१९८४) बघा. आजोबा आणि नात. निवेदक नाहीच, नुसती दोघांच्या बोलण्याची तुटक वाक्यं, आजोबांची सरळ अक्षरांत, नातीची तिरप्या. ती एक विचारते, ते दुसरंच काही सांगतात. घराघरात असंच चालतं. एका पानावर दोघं भांडून एकमेकांकडे पाठ करून बसलेली आहेत. का भांडली ते सांगितलेलं नाही. मग आजोबा खेळायला बाहेर येऊ शकत नाहीत. मग ती त्यांच्या मांडीवर बसून उद्या आफ्रिकेला जाण्याचे बेत करते. पान उलटलं की एका बाजूला आजोबांची हिरवी खुर्ची रिकामी, आणि समोरच्या पानावर तिच्याकडे बघत बसलेली मुलगी. शब्द नाही.

इथे लहान मूल विचारतं, "आजोबा कुठे गेले?" आणि वाचून दाखवणाऱ्याकडे वाचायला काहीच नसतं. बर्निंगहॅमने मोठ्या माणसाला तिथे एकटं सोडलेलं आहे. ते पान मुलापेक्षा त्याच्यासाठी जास्त आहे, असं माझं मत. यानंतरही एक चित्र आहे, ते सांगत नाही. पुस्तक तिसऱ्या फळीवर आहे.

हे सगळं परदेशी खूळ आहे. आपल्याकडे मोठी माणसं कधी चित्रं बघत गोष्टी ऐकत होती?

सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी म्हणून गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथीची परंपरा आहे. सुट्या कागदांवर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, एका आख्यानाची चित्रं एकत्र बांधली की त्याला पोथी म्हणायचं. सांगणारा एकेक चित्र लोकांसमोर धरतो, साथीला वीणा, हुडुक, टाळ, आणि चित्र बदललं की कथा पुढे सरकते. समोर बसलेला गाव सगळ्या वयाचा. "मूल किती वर्षांचं?" असं कुणी विचारत नव्हतं. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आहे. कोकणात जाणार असाल तर मासे खाण्याआधी तिकडे जा. नंतर झोप येते.

थोडं पलीकडे, मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे गोंड चित्रकार भज्जू श्याम. लंडनमधल्या एका हॉटेलाच्या भिंती रंगवायला त्यांना बोलावलं होतं. दोन महिने राहिले, आणि परत येऊन जे पाहिलं ते चित्रांतून सांगितलं. चेन्नईच्या तारा बुक्सने २००४ साली त्याचं 'द लंडन जंगल बुक' केलं. त्यात बिग बेनचं घड्याळ म्हणजे कोंबडा, दोघंही वेळ सांगतात म्हणून. जमिनीखालची रेल्वे म्हणजे गांडूळ. रोजची ठरलेली बस म्हणजे इमानी कुत्रा. संध्याकाळी पबमध्ये गोळा होणारे इंग्रज म्हणजे वटवाघळं. आणि विमान म्हणजे उडणारा हत्ती, कारण एवढं जड धूड उडणं हे तितकंच अशक्य.

आता सांगा, हे मुलांचं पुस्तक की मोठ्यांचं? परक्या शहरात पहिल्यांदा उतरलेल्या कुणाही माणसाचं हे पुस्तक आहे. आपल्या माहितीच्या जनावरांची नावं देत देत तो ते शहर आपलंसं करतो. इंग्रजांनी आपल्या जंगलांची वर्णनं करून ठेवली, त्याची परतफेड एका गोंड माणसाने केली हा भाग वेगळाच. मला त्यातला कोंबडा फार आवडतो.

मराठीत असं काही आहे का?

आहे. माधुरी पुरंदरे यांच्यापासून सुरू करा. त्या लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, त्यामुळे शब्दांनी कुठे गप्प बसायचं ते त्यांना नेमकं कळतं. 'राधाचं घर' या संचात राधा आपल्या घरातल्या एकेका माणसाबद्दल सांगते. मुलाला त्यात आपली आजी दिसते. मला त्यात मी दिसते, आणि मुलांच्या नजरेतून आपण कसे दिसतो हे नेहमीच सुखाचं नसतं. याच बाईंनी मराठीत पिकासोचं चरित्र लिहिलं आहे, हे अनेकांना माहीत नसतं. कळल्यावर मात्र चित्रं पुन्हा काढून बघतात.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे. ते चित्रपुस्तक नव्हे, पण त्यातल्या चित्रांवर दोन पिढ्यांची नजर तयार झाली. जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेले आहेत. उघडताना सांभाळा, दुपार जाते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरही मराठी चित्रकथा मोफत वाचता येतात. दर्जा कमीजास्त आहे. काही अनुवाद इतके सरकारी, की पाचवीतला मुलगा "सदर हत्ती" म्हणेल की काय असं वाटतं. पण खणलं की चांगलं सापडतं.

गोष्टीचं तात्पर्य काय काढायचं?

काढू नका.

नाहीच का? मुलांना काहीतरी शिकवायला हवं ना?

शाळेत "या गोष्टीवरून आपण काय शिकलो?" हा प्रश्न आपण सगळ्यांनी सोसला आहे. मोठेपणी पुन्हा स्वतःला विचारायची सक्ती नाही. मुलासोबत वाचत असाल तर "तुला काय दिसतंय?" एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. दहा सेकंद लागतात. मोठ्यांना ती फार जड जातात.

मला एक पुस्तक वाचताना रडू आलं. साठी उलटली माझी. हे काय?

काही नाही, चांगलं पुस्तक मिळालं. बहुतेकांना दुःखाच्या वेळी लांबलचक वाचवत नाही. ओळ डोळ्यांसमोरून जाते आणि आत काही पोचत नाही. पानावर एक वाक्य आणि एक चित्र असेल तर पोचतं.

मायकल रोझेन हा इंग्लंडमधला, मुलांसाठी लिहिणारा कवी. त्याचा मुलगा एडी १९९९ साली मेंदूज्वराने गेला, अठराव्या वर्षी. पाच वर्षांनी त्याने 'सॅड बुक' लिहिलं, चित्रं क्वेंटिन ब्लेकची. पहिल्या पानावर दात दाखवून हसणारा माणूस. खालचा मजकूर सांगतो, की हा मी दुःखात असतानाचा चेहरा आहे, हसतोय कारण उदास दिसलो तर लोकांना आवडणार नाही. चित्र एक सांगतं, शब्द दुसरं. समारंभात आपण जो चेहरा घालून जातो, तोच. शेवटच्या चित्रात तो टेबलाशी बसलेला आहे, समोर तसबीर आणि एक मेणबत्ती. पुस्तकात कुठेही "हळूहळू सगळं ठीक होईल" असं म्हटलेलं नाही. दिवसवारांच्या दिवसांत आपल्याला हे वाक्य इतक्यांदा ऐकावं लागतं, की ते न म्हणणारं पुस्तक सोबतीला बरं वाटतं.

जपानमध्ये कुनिओ यानागिदा या लेखकाने स्वतःचा मुलगा गमावल्यावर मोठ्यांनी चित्रपुस्तकं वाचावीत म्हणून अनेक वर्षं लेखन केलं. चित्रपुस्तक आयुष्यात तीनदा वाचावं असं ते सांगतात: लहानपणी, आपली मुलं वाढवताना, आणि म्हातारपणी. तुमची तिसरी वेळ आली आहे. काउंटरवर टिश्यूपेपर ठेवलेले असतात, ते सर्दीसाठी नाहीत.

म्हणजे हे एक प्रकारचे उपचारच का?

नव्हेत. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, तर डॉक्टरकडे जा. आणि कुणाकडे नुकतंच दुःख झालं असेल तर 'सॅड बुक' भेट म्हणून नेऊ नका. वाफाळता वरणभात न्या. पुस्तकाचं सहा महिन्यांनी बघू.

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. तिला यातलं काही देता येईल?

आमच्याकडे सफाईला येणाऱ्या मावशींमुळे मला या प्रश्नाचं उत्तर मिळालं. शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचं 'द अरायव्हल' (२००६) टेबलावर पडलेलं होतं. शंभराहून जास्त पानं, एकही वाचता येईल असा शब्द नाही. एक माणूस बायकोमुलीला मागे ठेवून परक्या शहरात पोट भरायला येतो. त्या शहरात पाट्या आहेत, पत्रकं आहेत, पण लिपी टॅनने मनाने रचलेली आहे. त्यामुळे एम.ए. झालेला वाचकही तिथे त्या माणसाइतकाच अडाणी.

मावशी पुसता पुसता थांबल्या. खुर्ची ओढून बसल्या. तो माणूस राहायला जागा मागताना वहीत खाटेचं चित्र काढून दाखवतो, तिथे हसल्या. म्हणाल्या, "आमी बीडहून आलो तवा मला बसचा नंबर वाचता येत नव्हता. चित्रावानी ध्यानात ठेवायची मी. दोन काठ्या आन् एक वाटी, ती आपली बस." अकरा आणि शून्य. मी बारा वर्षं त्यांना ओळखते, हे मला माहीत नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं, खरं तर.

तेव्हा आईला द्या, पण शेजारी बसा. ती सांगेल ती गोष्ट पुस्तकातल्यापेक्षा वेगळी असली तर दुरुस्त करायला जाऊ नका.

नातू न्यू जर्सीला आहे. मराठी समजतं पण वाचता येत नाही. व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवते, तर तो पाच मिनिटांत उठून जातो.

कॅमेरा तुमच्या चेहऱ्यावर असतो म्हणून. आजी रोजच दिसते. फोन पुस्तकावर धरा, एकाच चित्रावर, आणि वाचू नका. "यात मांजर कुठे लपलंय?" विचारा. तो मराठीत सांगेल किंवा इंग्रजीत, चालवून घ्या. दोन प्रती घेता आल्या तर उत्तम: एक तुमच्याकडे, एक त्याच्याकडे, म्हणजे पान त्याला उलटू देता येतं. पान उलटण्याची सत्ता ज्याच्या हातात, तो उठून जात नाही. आणि पुस्तक असं निवडा, की ज्यातल्या किमान चार गोष्टी त्याच्या घरात नाहीत. खलबत्ता, चूल, कंदील, काहीही. मग तुम्हालाच सांगायला बसावं लागतं.

बत्तीस पानांच्या पुस्तकाची किंमत एवढी कशी?

प्रत्येक पान रंगीत, कागद जाड, आणि मराठीत प्रती कमी निघतात. म्हणून तर वाचनालय आहे. वर्गणी भरा.

माझ्या घरात लहान मूल नाही. एकट्याने वाचलं तर चालतं का?

चालतं. मोठ्याने वाचून बघा मात्र, दार लावून घेतलं तरी हरकत नाही. मनात वाचलं की आपण मजकूर उरकून टाकतो. आवाज काढला की वेग पडतो आणि डोळ्यांना चित्रात हिंडायला वेळ मिळतो. एक गृहस्थ कुत्र्याला वाचून दाखवतात. कुत्रा बसतो, म्हणे.

चित्रपुस्तकही पंधरा दिवसांसाठी देता? ते तर चहा होईपर्यंत वाचून होतं.

नियम सगळ्या पुस्तकांना सारखा आहे. काही जण खरंच चहा होईपर्यंत वाचून परत करतात, त्यांचीही नोंद होते. पण 'ग्रॅनपा' एका आजोबांनी तीनदा मुदत वाढवून ठेवलं होतं. नात शिकायला बाहेरगावी गेली आहे, एवढंच ते बोलले. चौथ्यांदा वाढवून देणं नियमात बसत नव्हतं, म्हणून आम्ही दुसरी प्रत मागवली आणि पहिली त्यांच्याच नावावर राहू दिली.